गिऱ्हाइकासाठी जुन्या धाटणीचा छप्परपलंग बनवायचा तर

कोल्हापुरात "राजवाडी पलंग करून पाहिजे" म्हणत मोबाईलवर फोटो घेऊन येणारी गिऱ्हाइकं आता बऱ्यापैकी वाढल्यात. नवीन मिस्त्री पोरं मला विचारतात की असलं काम घ्यावं का आणि घेतलं तर सुरुवात कुठनं करायची, म्हणून हे सविस्तर लिहितोय. काम जरूर घ्या, असल्या कामानं हात तयार होतो. फोटो मात्र बघून बाजूला ठेवायचा. गादी किती जाड, खोली केवढी, जिना केवढा आणि त्या पलंगावर झोपणार कोण, हे आधी विचारायचं, कारण जुना पलंग ज्या कापसाच्या पातळ गादीसाठी केला होता ती आता बहुतेक घरांतनं गेली, तिच्या जागी सहा-आठ-दहा इंची स्प्रिंगची नाहीतर फोमची गादी आली, आणि जुन्या मापावर ही नवी गादी टाकली की पलंगाची सगळी ठेवण बिघडते. जे डोळ्याला दिसतं ते जुन्या पद्धतीचं, जे दिसत नाही ते आजच्या वापराचं, या हिशोबानं पहिल्या दिवसापासून चालायचं.

आधी काळ ठरवून घ्या. "जुना" म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं. वाड्यातलं सागवानी काम म्हणजे सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी, केळफूल, त्यात पलंग असला तरी बुटका नि भक्कम. संस्थानी थाट वेगळा. आपला नवा राजवाडा मेजर मँटच्या नकाशावर बांधला आणि 1884 मध्ये पूर्ण झाला, त्या सुमाराचं श्रीमंताघरचं फर्निचर म्हणजे साहेबी वळण नि देशी कारागिराचा हात, खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कोरायच्या मशीनवर काढलेले उंच खांब, त्यावर उभ्या पन्हाळ्या, म्हणजे लांब खोबणी, वर कळस, मच्छरदाणीची चौकट, लाकूड शिसवी नाहीतर काळपट पॉलिश केलेलं सागवान. आणि तिसरा प्रकार 1930 ते 50 मधल्या बंगल्यांतला, गोलाई दिलेला हेडबोर्ड, अंगावर नक्षी जवळजवळ नाहीच, सगळी शोभा लाकडाच्या रेषांची. या तिन्ही गोष्टी एका पलंगात कोंबायच्या नाहीत. गिऱ्हाईक म्हणेल खांब याचे, हेडबोर्ड त्याचा, वर मोर पण पाहिजे. तेव्हा शांतपणे तिन्ही प्रकारचे नमुने समोर ठेवा आणि एक निवडायला लावा. राजवाड्यातलं म्युझियम आणि पुण्याचं केळकर संग्रहालय डोळसपणे बघून या, वही घेऊन जा, खांब कुठं जाड होतो, कुठं बारीक होतो, चौकोनी भाग किती ठेवलाय हे काढून आणा. वाड्याचं काम पाहिजे असेल तर आपल्याच पेठांत उभे असलेले वाडे आहेत, घरमालकाला विचारून खांबांची मापं घेता येतात, लोक आनंदानं दाखवतात.

पुढचं सगळं मी संस्थानी थाटाचा, चार खांबांचा, पाच बाय साडेसहा फूट गादीचा पलंग धरून सांगतो, कारण मागणी त्यालाच जास्त आहे.

माप घ्यायला गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः जा, फोनवर सांगितलेल्या मापावर लाकूड कापू नका. खोलीत गेल्यावर आधी वर बघायचं. छताची उंची किती, पंखा कुठं, त्याची पाती जमिनीपासून किती फुटांवर, बीम कुठं उतरलाय. सात फुटी खांबावर कळस म्हणजे सव्वासात साडेसात फूट होतात, फ्लॅटमध्ये पंख्याची पाती आठ फुटांच्या आसपास असतात, म्हणजे मच्छरदाणी घालायला हात वर गेला की पंखा डोक्यात धरावाच लागतो. छत बुटकं असलं तर खांब साडेसहाचा करा, लाज वाटायचं कारण नाही. मग डोकं कुठल्या दिशेला, हे विचारा. आपल्याकडं दक्षिणेला डोकं करून झोपणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यावरनं हेडबोर्ड कुठल्या भिंतीला येणार, खिडकी अडणार का, कपाटाचं दार उघडणार का, स्विचबोर्ड हेडबोर्डच्या मागं जाणार का, हे सगळं ठरतं. शेवटी जिना. पेठेतल्या जुन्या घराचा जिना अडीच फुटाचा असतो, वर झडपेचं दार असतं, तिथनं सात फुटी खांब सुटा जातो पण जोडलेला हेडबोर्ड अडकतो. वळणावर टेप धरून बघा.

आता उंचीचा हिशोब. घरातलं सगळ्यात वयस्कर जे माणूस या पलंगावर झोपणार असेल त्यांना खुर्चीवर बसवा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंतचं माप घ्या. आजी-आजोबांना सांगायचं, "आज्जी, जरा पाय सरळ टेकवा," की झालं. ते माप साधारण 16 ते 18 इंच भरतं, आणि गादी दबते हे धरून गादीचा माथा 20 ते 22 इंचावर ठेवला तर चढाय-उतरायला सोपं जातं. समजा 22 धरलं आणि गादी 8 इंची, तर गादीखालच्या फळ्यांचा माथा 14 वर आला. गादी रेलच्या, म्हणजे खांबांना जोडणाऱ्या आडव्या लाकडाच्या, आत दोन इंच बसली पाहिजे म्हणजे सरकत नाही, म्हणून रेलची वरची कड 16 वर. रेल 7 इंच रुंद, म्हणजे तिची खालची कड 9 वर, झाडू-पोछा आरामात जातो. खांबाचा चौकोनी भाग रेलच्या वर एक इंच नि खाली एक इंच जादा, म्हणजे 8 पासून 17 पर्यंत. त्याच्या खालच्या आठ इंचात पाय खरादायचा, वरच्या भागात खांब. हा उभा हिशोब कागदावर आधी मांडला की डिझाईन आपोआप जागेवर येतं, आणि गादी बदलून दहा इंची घेतली तर कुठं किती फरक पडेल हे पण गिऱ्हाइकाला तिथंच दाखवता येतं. गादी कुठली घेणार हे नक्की होईपर्यंत लाकडाला करवत लावू नका, आणि गादी आली की कंपनीच्या लेबलवर न जाता टेपनं मोजा, अर्धा-पाऊण इंच इकडंतिकडं असतंच.

आडव्या मापात एक गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. रेल खांबाच्या मधोमध लावली तर खांब रेलच्या आत डोकावतो. साडेतीन इंची खांब, दीड इंची रेल, म्हणजे आतल्या बाजूला एक इंच खांब पुढं येतो आणि गादीचा कोपरा त्यावर चढतो. म्हणून माप रेलपासून रेलपर्यंत न घेता खांबापासून खांबापर्यंत घ्यायचं, 60 इंची गादीला 61 आणि 78 ला 79. मग गादी आणि रेलच्या मध्ये जी फट राहते तिथं चादर खोचायला हात जातो, घरातल्या बायका त्याबद्दल दुवा देतात.

ड्रॉइंग दोन करा. एक लहान, गिऱ्हाइकासाठी. दुसरं एका खांबाचं पूर्ण मापाचं, हार्डबोर्डवर. हाच तुमचा फर्मा. त्यावर प्रत्येक मणी, प्रत्येक गळा, प्रत्येक पन्हाळी कुठं सुरू होते नि कुठं संपते त्याच्या रेघा, आणि प्रत्येक रेघेपाशी व्यास लिहून ठेवा. खांब खालनं साडेतीन इंच असला तर वर जाता जाता दोन इंचापर्यंत बारीक झाला पाहिजे, नाहीतर पलंगावर पडल्या पडल्या चार खांब अंगावर आल्यासारखे वाटतात. फर्म्याचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून तो पुठ्ठा गिऱ्हाइकाच्या खोलीत भिंतीला टेकवून उभा करा, जमिनीवर खडूनं पलंगाची चौकट काढा, मग सगळ्या घराला बघू द्या. कागदावर हो म्हणणारी माणसं इथं म्हणतात, "मिस्त्री, जरा जाड वाटतंय की ओ." पुठ्ठा कापणं सोपं असतं, तेव्हा बदल काय ते तिथंच होऊ देत.

व्यवहार लिहून घ्या. लाकूड कुठलं, किती घनफूट, पॉलिश कसलं, नक्षी कुठं नि किती, गादी कोण आणणार, गाडीभाडं कुणाचं, हे साध्या मराठीत एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. लाकडाच्या किमतीएवढा तरी ॲडव्हान्स आधीच, दुसरा हप्ता सांगाडा उभा राहिल्यावर गिऱ्हाइकानं वर्कशॉपला येऊन बघितल्यावर, तिसरा घरी बसवल्यावर. नक्षी सुरू झाल्यानंतर डिझाईन बदललं तर जादा पैसे लागतील ही ओळ न विसरता टाका, ओळखीतलं गिऱ्हाईक असलं तर आवर्जून टाका.

लाकूड. घनफूट काढायचं साधं सूत्र सगळ्यांना माहीत आहे, लांबी फुटात गुणिले रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात, भागिले 144. चार खांब 4 बाय 4 चे सात फूट म्हणजे 3.1, बाजूच्या दोन रेली 8 बाय 2 च्या पावणेसात फूट म्हणजे 1.5, डोक्याची नि पायाची रेल साडेपाच फूट धरून 1.2, हेडबोर्डला एकाच्या आसपास, छपराच्या चौकटीला पाऊण. झाले साडेसात, गाठी-चिरा-तूटफूट धरून 9 घनफूट सांगा. गिऱ्हाइकाला शिसवीच पाहिजे असली तर आधी समजावून सांगा की शिसम तोडायला नि हलवायला वनखात्याची परवानगी लागते, चोरून आलेलं लाकूड स्वस्त वाटलं तरी घ्यायचं नाही. सागवानाला गडद रंग दिला तर तो थाट येतो. आता सागवानात पण फरक आहे. दांडेलीकडचं लाकूड आपल्याकडं पहिल्यापासून नावाजलेलं, आफ्रिकेतनं येणारं सागवान फिकट असतं आणि त्यात पांढरट भाग जास्त. हा पांढरट भाग जिथं कुठं दिसेल तिथं काढून टाका, कीड आधी तिथंच लागते आणि गडद पॉलिशखाली पण तो उठून दिसतो.

पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर त्यासारखं सुख नाही, तुळया वर्षानुवर्षं सुकलेल्या असतात, आता वाकायचं काय शिल्लक नसतं. पण 2019 आणि 2021 च्या महापुरात भिजलेल्या घरांचं लाकूड पण फिरतंय, ते बाहेरनं कोरडं दिसलं तरी आतनं ओल असू शकते, तेव्हा मधोमध एक काप मारून ताज्या कापावर मॉइश्चर मीटर लावा. 10 ते 12 टक्क्यांच्या वर असलं तर थप्पी मारून, मध्ये पट्ट्या घालून सावलीत ठेवायचं. जुन्या तुळईत तुटलेले खिळे असतात, सॉ मिलला नेण्याआधी चांगलं चुंबक फिरवा, काळा डाग दिसला की तिथं लोखंड आहे असं समजून पटाशीनं उकरून काढा. आणि लाकूड नवं असो का जुनं, वखारीचं पक्कं बिल घेऊन फायलीला लावा.

खांब खरादावर न्यायच्या आधी चारी बाजूंनी गुण्यात, म्हणजे काटकोनात रंधून घ्या, आणि खाचा आधी पाडा. चौकोनी ओंडक्यात खाच पाडणं सोपं, गोल झालेल्या खांबाला पकडायचं कुठं? चारही खांब शेजारी शेजारी ठेवून एकदम रेघा मारायच्या, म्हणजे रेल चारीकडं एकाच उंचीला येते. बऱ्याच खरादांवर सात फूट लांबी बसत नाही. त्यावर जुना उपाय आहे, खांब दोन तुकड्यांत करायचा. खालच्या तुकड्याच्या डोक्यात दीड इंच व्यासाचं नि तीन इंच खोल भोक, वरच्या तुकड्याच्या बुडाला तेवढीच गोल कूस, म्हणजे भोकात बसणारं टोक, आणि सांधा बरोब्बर एखाद्या मण्याच्या खालच्या कडेला लपवायचा. तिथं मुळात सावलीची रेघ असतेच, सांधा शोधून सापडत नाही. दोन्ही तुकडे एकाच लाकडातले, रेषा जुळवून घ्या. खरादी काम बाहेर देणार असलात तर फर्मा सोबत द्या, आणि पहिला खांब उतरेपर्यंत तिथं उभे राहा, बाकीचे तीन त्याच्या शेजारी ठेवून बघत बघत निघतात. चौकोनापासून गोलात जाताना जो खांदा येतो तिथं टवका उडतो, म्हणून आधी धारदार हत्यारानं रेघ खोल मारून घ्यायला सांगा. पन्हाळ्या मात्र खांब खरादावरच असताना, राउटरला पेटी करून मारायच्या, खांब फिरवत समान भाग पाडून.

आता सांधा, म्हणजे या पलंगाचा जीव. रेलीच्या दोन्ही टोकांना पाऊण इंच लांबीची कूस आणि खांबात तेवढीच खाच. इथं फेव्हिकॉल लावायचा नाही. जुने पलंग कुठनं कुठं नेले जायचे, त्यामुळं ते बोल्टवर सुटे व्हायचे, आपला पण तसाच पाहिजे. कूस रेलीला पिळू देत नाही आणि वजन झेलते, बोल्ट फक्त ओढून धरतो. 10 एमएमचा सहा इंची बोल्ट आणि चौकोनी नट, एका पलंगाला आठ जोड्या. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याला सांगितलं की पाहिजे तसे करून मिळतात, आणि तिथंच बोल्टच्या तोंडावर बसणाऱ्या पितळी टोप्या पण करून घ्या, जुन्या पलंगांवर असायच्या तशा, एका स्क्रूवर फिरणाऱ्या. त्यानं अख्ख्या कामाला रुबाब येतो आणि बोल्ट आवळायला टोपी नुसती बाजूला सारायची.

भोकं पाडायची पद्धत नीट ध्यानात घ्या. एका खांबाला दोन रेली येतात, बाजूची नि आडवी, दोन्ही एकाच उंचीला, म्हणजे दोन्ही बोल्ट खांबाच्या पोटात एकमेकांना आडवे जाणार. म्हणून बाजूच्या रेलीचा बोल्ट रेलीच्या मध्यापासून पाऊण इंच वर, आडव्या रेलीचा पाऊण इंच खाली. खांबाच्या बाहेरच्या अंगावर आधी बोल्टचं डोकं बसेल एवढा खड्डा पाऊण इंच खोल, मग त्याच्या मध्यातनं 11 एमएमचं आरपार भोक, हे ड्रिल प्रेसवर करा, हातातल्या मशीनवर तिरकं जातं. आता रेल खांबात कोरडी बसवा, गुण्या लावून काटकोन बघा, क्लॅम्पनं घट्ट आवळा आणि खांबातल्या भोकातनंच लांब बिट घालून रेलीच्या टोकात, कूस सोडून साडेतीन इंच आत जा. खांबाचं भोकच बिटाला रस्ता दाखवतं. मग रेल काढून तिच्या आतल्या अंगाला, खांद्यापासून (कुशीच्या मुळाशी खांबाला टेकणारी कड) अडीच इंचावर, नट बसेल असा चौकोनी कप्पा पटाशीनं पाडायचा. कप्पा नटापेक्षा सूतभरच मोठा, म्हणजे नट फिरत नाही नि बोल्टला स्वतःहून धरतो. नट घाला, बोल्ट फिरवा, आणि रेलीचा खांदा खांबाला भिडताना बघा. तिथं पॉलिश पेपरचा तुकडा पण जायला नको. फट राहिली तर जोर लावून आवळू नका, कूस लांब झालीय का बघा, नाहीतर खांदा एका सुतानं तासा. असे आठही सांधे झाले की प्रत्येक जोडीला पटाशीनं खुणा करायच्या, पहिल्याला एक काप, दुसऱ्याला दोन, खांबाच्या खाचेत नि रेलीच्या कुशीवर तीच खूण. पेन्सिलीची खूण पॉलिशला पुसते, पटाशीची कायमची राहते.

हेडबोर्डला अखंड फळी खांबात ठोकून बसवू नका. आपल्याकडं पावसाळा म्हणजे चार महिने सगळं ओलं आणि एप्रिल-मेला कडकडीत कोरडं, बारा इंच रुंदीची सागवानी फळी एवढ्या फरकात दोन-तीन एमएम हलते, तिला हलायला जागा नसली की चिरते. म्हणून चौकट करायची, चौकटीला आतनं खाच, आणि फळी त्या खाचेत सुटी सरकती ठेवायची, मध्यभागी एखादा थेंब गोंद चालेल. चौकट मात्र गोंदानं पक्की जोडा. सागवानात तेल असतं, त्यामुळं जोडायच्या आधी तो भाग थिनरनं पुसून लगेच गोंद लावला तर धरतो. चौकटीची दोन्ही टोकं खांबांच्या खाचांत वरनं सरकवायची, म्हणजे हेडबोर्ड पण सुटा निघतो.

नक्षीचं ठिकाण झोपणाऱ्याच्या पाठीवरनं ठरतं. गादीचा माथा 22 वर आहे, त्याच्या वरची पंधरा-वीस इंच जागा उशीची नि टेकलेल्या पाठीची. तिथं उठावाची वेलबुट्टी केली तर टोचते, धूळ बसते, तेलाचे डाग पडतात. तो भाग साधा, गुळगुळीत, चांगल्या रेषांची फळी निवडून ठेवा. नक्षी वरच्या कमानीत, मध्ये एक कमळ, दोन्ही बाजूंना उतरती वेल, बास. राजवाडी म्हणजे अंगभर नक्षी असा समज झालाय तो गिऱ्हाइकाच्या मनातनं काढणं आपलं काम आहे, कारण मोकळी जागा सोडली तरच कोरलेलं दिसतं. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर नक्षी काढायला माझी काय हरकत नाही, वेळ वाचतो, पण मशीननं काढलेल्या पाकळीची कड सगळीकडं सारखीच गोल असते आणि खोलातली सावली मेलेली असते. मशीनवर मोठा भाग काढून घ्या आणि शेवटचा हात पटाशीचा फिरवा, पाकळीच्या खालून थोडं आत कोरा, वेलीचं देठ धारदार करा. खिडकीचा उजेड एका बाजूनं पडला की फरक कळतो.

गादीखालच्या फळ्यांना सागवान घालायची गरज नाही, सुकलेलं साधं टणक लाकूड चालतं. रेलीच्या आतनं दीड इंची पट्टी गोंद नि स्क्रूनं लावा, फळ्या तीन-चार इंच रुंद, पाऊण इंच जाड, दोन फळ्यांत अडीच इंचापेक्षा जास्त फट नको. पाच फूट रुंदीला मधोमध एक लांब आधार आणि त्याला जमिनीपर्यंत दोन पाय पाहिजेतच. प्लायच लावा म्हणून गिऱ्हाईक अडून बसलं तर प्लायला भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात गादीला खालनं बुरशी येते.

छपराची चौकट हलकी ठेवा. चारी कोपऱ्यांत अर्धी-अर्धी जाडी तासून एकावर एक बसणारा सांधा, त्याच्या मधनं भोक, आणि खांबाच्या माथ्यात रोवलेली 8 एमएमची लोखंडी कांब त्यातनं वर येते, तिच्यावर कळस. चार कळस उचलले की चौकट सुटते. वर कापड ताणून बंद करू नका, पंख्याचं वारं अडतं आणि उन्हाळ्यात झोप लागत नाही. उघडी चौकट, आतल्या अंगानं पितळी हुक, त्याला मच्छरदाणी. मच्छरदाणी बाजारातनं तयार न आणता शिंप्याकडनं मापात शिवून घ्यायला सांगा, खाली गादीत खोचायला हातभर जादा कापड ठेवून.

पॉलिशला घाई नको. 120, मग 180, मग 240 चा पेपर, रेषेच्या दिशेनंच. मग हलकं ओलं फडकं फिरवून उठलेली लव पुन्हा घासायची. रंग द्यायचा तर तुकड्यावर करून गिऱ्हाइकाला दाखवा, त्यांच्या खोलीत, त्यांच्या बल्बच्या उजेडात, वर्कशॉपच्या ट्यूबलाईटखाली सगळंच वेगळं दिसतं. जुना थाट चपडी लाखेच्या पॉलिशला येतो, लिटरभर स्पिरिटला दीड-दोनशे ग्रॅम चपडी, रात्रभर भिजवून फडक्यातनं गाळलेली, आणि कापसाची पोटली करून पातळ पातळ हात. पण हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका, हवेतल्या ओलीनं पॉलिशवर पांढरी झाक येते. गिऱ्हाइकाला हे पण सांगा की लाखेच्या पॉलिशवर गरम चहाचा कप ठेवला की गोल डाग पडतो, सॅनिटायझर किंवा अत्तर सांडलं तर पॉलिश विरघळतं. लहान मुलांचं घर असलं तर मी सरळ मेलामाइन नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मॅटमध्ये मारायला सांगतो, चकाकी कमी ठेवली की ते पण शोभतं. आणि रेलीची आतली बाजू, खांबाचं बूड, हेडबोर्डची पाठ, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं पण एक-दोन हात मारा, ओल सगळीकडनं सारखी आत-बाहेर झाली तरच लाकूड सरळ राहतं.

एक गोष्ट कटाक्षानं पाळा. मुद्दाम साखळीनं ठोके मारून, भोकं पाडून, काजळी चोळून नवा पलंग जुना दाखवायचा नाही. आपल्या कायद्यात शंभर वर्षांच्या वरच्या कलावस्तूंना पुरावस्तू म्हणून वेगळे नियम आहेत, 1972 चा कायदा आहे तो, आणि आज तुम्ही केलेला पलंग उद्या कुणीतरी "आमच्या पणजोबांचा" म्हणून विकायला काढला तर फसणारं माणूस कुणीतरी असणारच. म्हणून पायाकडच्या रेलीच्या आतल्या अंगाला साल, गाव आणि आपलं नाव पटाशीनं कोरा.

घरी न्यायच्या आधी वर्कशॉपमध्ये पूर्ण उभा करून त्यावर गादी टाकून बघा, दोन माणसं बसवा, हलवून आवाज येतो का ऐका. आवाज आला तर बहुतेक वेळा फळी पट्टीवर घासत असते, तिथं मेण चोळलं की थांबतो. मग सगळं सुटं करून खांब गोधडीत गुंडाळा, बोल्ट-नट-टोप्या एका डब्यात. गिऱ्हाइकाच्या घरी आधी डोक्याकडचे दोन खांब नि आडवी रेल, मग हेडबोर्ड वरनं सरकवायचा, मग बाजूच्या रेली, मग पायाकडचे खांब नि रेल, बोल्ट सगळे सैल ठेवूनच. कर्ण मोजा, या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात, दोन्ही सारखे भरले की मगच आवळा. जुन्या घराची फरशी सपाट नसते, डगमगला तर पायाखाली पातळ चामड्याचा तुकडा द्या, पाय तासू नका, उद्या खोली बदलली तर काय करणार? पाना गिऱ्हाइकाकडंच ठेवून या आणि घरातल्या एका माणसाला टोपी सारून बोल्ट कसा आवळायचा ते हातानं करून दाखवा. लाकूड पावसाळ्यात फुगतं नि उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळं पहिल्या वर्षी होळीच्या सुमाराला सांधे थोडे सैल होतात, तेव्हा एकदा स्वतः जाऊन आठही बोल्ट आवळून द्या, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.